पोर्चमधली पद्मिनी: इंजिन न उघडता सुरू करावं की फुल काम करावं?

वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी घरीच चालू करायची म्हटलं की सल्ल्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, इंजिन उतरवा आणि फुल काम करून टाका, म्हणजे पूर्ण खोलून झिजलेले भाग बदला. दुसरा म्हणतो, प्लग पुसा आणि सेल्फ (स्टार्टर) मारा. माझं मत असं: बंद ठेवण्याआधी गाडी नीट चालत होती, तर आधी न उघडता सुरू करून बघावं. मात्र सेल्फ अगदी शेवटी.

गाडी उभी असते तेव्हा काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडेच राहिलेले असतात. नाशिकच्या पावसाळ्यातली ओल त्या वाटेने आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरतात. त्यावर सेल्फचा जोर लावला तर रिंग तुटते, सिलिंडरवर ओरखडे उठतात आणि थोडक्यात भागणारं काम बोअरिंगपर्यंत, म्हणजे सिलिंडर मशीनवर कापून मोठा करण्यापर्यंत जातं. म्हणून चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने पुढे-मागे हलवा. फिरलं की जुनं ऑइल काढून नीट बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, संशय हेड पॅकिंगवर (ब्लॉक आणि वरच्या हेडमधल्या गॅस्केटवर). पेट्रोलचा वास येत असेल तर बहुधा इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा गेलाय. नवं ऑइल भरा, कॉइलची वायर काढा आणि प्लग न लावताच ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवा.

आता प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर लावा. फुल काम करायचं की नाही, हे खरं तर इथे ठरतं. चारही आकडे फार कमी नसतील आणि एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांच्या फरकात असतील तर इंजिन उघडायचं कारण नाही. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंगचा. व्हॉल्व्हचा दोष हेड उतरवून, सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा कापून नीट करणं) करून भागतो. रिंगांचा असेल तरी घाई नको. अडकलेल्या रिंगा गाडी थोडी चालल्यावर बऱ्याचदा मोकळ्या होतात. मग परत मोजा.

पेट्रोलची बाजू सोपी, पण टाळू नका. टाकी रिकामी करून धुवा, कार्बोरेटरचे जेट साफ करा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यात जुन्या रबरी नळ्या टिकत नाहीत. त्या बदलाच.

फुल कामाचीही वेळ येते. बेअरिंगचा ठोका ऐकू येतो, निळा धूर थांबत नाही, किंवा इंजिन जाम ते जामच राहतं. १०८९ सीसीचं हे इंजिन साधं आहे. वजन उचलायची चेन पुली असेल तर घरी उतरवता येतं. पण बोअर आणि क्रँक ग्राइंडिंग मशीनवरच होतं, आणि त्यासाठी नाशिकचा सातपूर-अंबड हा औद्योगिक भाग हाताशी आहे. खरी अडचण वेळेची. पिस्टन, बेअरिंग योग्य मापात मिळेपर्यंत गाडी महिनोनमहिने सुट्या भागांत पडून राहते. सुटे भाग हातात आल्याशिवाय इंजिन खोलू नका, हे मी कळकळीने सांगेन. त्याबदल्यात मिळतं ते मोठं आहे: जुन्या व्हॉल्व्ह सीटना झिजेपासून वाचवणारं शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, तेव्हा काम निघालंच आहे तर कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेता येतात.

मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवायचा तिसरा मार्गही कुणीतरी सुचवेलच. तेव्हा ब्लॉकवरचा नंबर बदलतो आणि आरसी बुकात त्याची नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागते. घरचंच इंजिन दुरुस्त होण्यासारखं असताना मी ते करणार नाही.

कुठलाही मार्ग घ्या, इंजिन चालू झाल्यावर गाडी गेटबाहेर काढण्याआधी ब्रेकचे सिलिंडर आणि होज तपासून बदला.