सल्लागाराचा अहवाल: प्रती मागवाव्यात की फाईलच बघावी?

पालिकेने पार्किंग, वाहतूक किंवा पाणीपट्टीसाठी सल्लागार नेमला, त्याची देयकं निघाली, आणि त्या सल्ल्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला शोधायचंय. माहिती अधिकारात दोन वाटा आहेत: प्रती मागवा, नाहीतर कचेरीत जाऊन नस्ती, म्हणजे फाईल, स्वतः चाळा. शुल्क, तीस दिवस, अपील हे ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

प्रतींचं काम घरबसल्या होतं. शिवाय साक्षांकित कागद हातात असला की अपिलात बोलायला जोर येतो. निविदा, कार्यादेश, देयकं एवढंच हवं असेल तर मीही प्रतीच मागवेन. कागदाचं नाव माहीत असतं, नाव घेतलं की तो निघतो.

सल्ल्याचं काय झालं हे मात्र कुठल्याच एका कागदावर लिहिलेलं नसतं. महाराष्ट्रात 2012 पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो. त्यात ‘का’ विचारलं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही, हे उत्तर ठरलेलं. एका पालिकेकडे मी पार्किंगच्या अभ्यासाचा अहवाल मागितला होता. मिळाला, चांगला जाडजूड. रंगीत आलेख झेरॉक्समध्ये सगळे काळेच झाले होते, तेही चालवून घेतलं असतं. पण टिप्पणीचं, म्हणजे अधिकारी फाईलवर आपले शेरे लिहितात त्यातलं, एकही पान नव्हतं. विचारलं तर, ‘तुम्ही अहवालच मागितला होता ना?’ आता यावर काय बोलणार! फाईलमध्ये काय काय आहे हे त्यांना माहीत, आणि नेमकं काय हवं ते मात्र न बघता मी सांगायचं. माझं मन तिथेच फिरलं.

पुढे तीच नस्ती समोर घेऊन बसलो. प्रारूप अहवालात रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावायची शिफारस होती. टिप्पणीत त्यावर हिरव्या शाईत दोनच शब्द: ‘चर्चा करावी’. अंतिम अहवालात ती शिफारस नाही आणि चर्चेचं इतिवृत्तही कुठे नाही. बाहेरच्या तज्ज्ञाचं मत म्हणून जे पुढे मंजुरीला जातं, त्यातलं किती खात्याने लिहवून घेतलेलं असतं, ते अशा पानांवर कळतं.

अशा निरीक्षणाचे, म्हणजे कचेरीत बसून फाईल बघण्याचे, ताप आहेतच. कामाच्या दिवशी रजा टाका, गेलात तर फाईल साहेबांकडे. मोबाइलने फोटो काढू देतील की नाही, ते त्या टेबलावरच्या माणसावर. व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन माहिती नाकारू देणारं कायद्याचं 8(1)(घ) कलम दोन्ही वाटांवर आडवं येऊ शकतं. गावापासून लांब असाल तर प्रतींशिवाय इलाज नाही, हेही खरं.

तरी जवळ राहत असाल तर मी आधी फाईल बघा म्हणेन. पुणे महापालिकेत तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी सोमवारी दुपारी नागरिकांना कागद खुले करायची पद्धत पाडली होती; नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून सगळ्या महापालिका आणि जिल्हा कार्यालयांना सोमवारी 3 ते 5 ही वेळ ठरवून दिली. आपल्याकडे ती पाळतात का, आधी विचारून घ्या. नसतील पाळत तर अर्जात लिहा: ‘टिप्पणी व पत्रव्यवहारासह संपूर्ण नस्तीचे निरीक्षण करू द्यावे, व निरीक्षणानंतर मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’