स्टीम: दुकान उत्तम, पण मालाची जबाबदारी कोणाची?

व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम हे संगणकावरील खेळांचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान आहे, आणि रुपयांतल्या किमती व यूपीआयची सोय यांमुळे आपल्याकडच्या तरुण खेळाडूंनाही ते जवळचे झाले आहे. खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो, ही त्याची सवलत मला फार मोलाची वाटते. परंतु लैंगिक दृष्टीने रंगवलेली पात्रे आणि उघड लैंगिक दृश्ये असलेले खेळ विकताना हे दुकान स्वतःकडे किती जबाबदारी घेते, याचे उत्तर तितके समाधानकारक नाही.

प्रौढ ग्राहकापुरती स्टीमची व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. खात्याच्या पसंतींमध्ये हिंसा, काही प्रमाणातली नग्नता आणि केवळ प्रौढांसाठीचा लैंगिक आशय असे वेगवेगळे पर्याय असून, त्यांतला शेवटचा पर्याय ग्राहकाने स्वतः चालू करेपर्यंत बंदच असतो. खेळात नेमके काय दिसेल याचे वर्णनही त्याच्या पानावर असते. मात्र ते निर्माता लिहितो, आणि ते मराठीत उपलब्ध नाही.

वयाची चौकशी मात्र अगदीच तकलादू आहे. आपल्याकडे जन्मतारखेचे रकाने समोर येतात आणि तेरा वर्षांच्या मुलाने 1990 साल निवडले तरी पान उघडते. ब्रिटनमध्ये नव्या कायद्यामुळे ऑगस्ट 2025 पासून प्रौढ आशयाची पाने पाहण्यासाठी खात्याला क्रेडिट कार्ड जोडावे लागते, तर जर्मनीत केवळ प्रौढांसाठीचे लैंगिक खेळ दाखवलेच जात नाहीत. म्हणजे जिथे कायद्याने हात धरला, तिथे उपाय सापडला. भारतात चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे मंडळ आहे, तसे खेळांना वयोगट ठरवून देणारे मंडळ नाही. त्यामुळे इथे दुकानाची जबाबदारी कमी न होता वाढते, असे माझे ठाम मत आहे.

अवघड प्रश्न मधल्या पट्ट्यातल्या खेळांचा आहे. ‘निअर: ऑटोमाटा’ या खेळाची नायिका टूबी हे अत्यंत समर्थपणे लिहिलेले पात्र आहे, तरीही खेळाडूने कॅमेरा तिच्या स्कर्टखाली नेला की ती तो ढकलून देते, आणि असे दहा वेळा केल्यावर खेळाडूच्या नावावर एक अचीव्हमेंट, म्हणजे कामगिरीचा बिल्ला, जमा होते. इथे नग्नता नाही. कॅमेऱ्याची नजर आणि त्या नजरेला मिळणारे बक्षीस आहे. अशा खेळांवर बंदी घालावी असे मी म्हणत नाही, कारण प्रौढांसाठी काय निर्माण करावे हे कलावंताने ठरवायचे असते. पण पसंतींच्या रकान्यांत या गोष्टीला जागा नाही, आणि खेळ घेऊन देणाऱ्या पालकाला ती एका वाक्यात तरी कळायला हवी.

व्हॉल्व्हने जून 2018 मध्ये जाहीर केले की बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ खेळ वगळता बाकी सर्वांना दुकान खुले राहील. त्यानंतरचा इतिहास मला अस्वस्थ करतो. मार्च 2019 मध्ये बलात्कार हाच विषय असलेला एक खेळ कंपनीने नाकारला, पण कारण सांगितले ते अज्ञात खर्च आणि जोखीम यांचे. एप्रिल 2025 मध्ये तशाच विषयाचा दुसरा खेळ ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात रोखला गेल्यानंतर निर्मात्यांनीच तो काढून घेतला. उलट ‘केऑस हेड नोआ’ हा कथाप्रधान खेळ 2022 मध्ये आधी अडवला गेला आणि गदारोळानंतर मान्य झाला. जुलै 2025 मध्ये तर पैसे हाताळणाऱ्या कंपन्या, व्हिसा-मास्टरकार्डसारखी कार्डांची जाळी आणि बँका यांच्या निकषांत न बसणारा आशय चालणार नाही, असा नियम स्टीमने जोडला. म्हणजे काय विकावे हे आधी ग्राहकावर, मग निर्मात्यावर आणि शेवटी बँकांवर सोपवले गेले. दुकानाने स्वतःची स्पष्ट भूमिका घेतली नाही.

सोनीने याच काळात प्लेस्टेशन या आपल्या खेळयंत्रावरच्या खेळांसाठी स्वतःचे निकष लावले. ‘डेव्हिल मे क्राय 5’ या खेळाच्या पाश्चात्त्य आवृत्तीतले एक दृश्य प्रकाशाच्या तिरिपेने झाकले गेले, तेव्हा खेळाडू चिडले. ते निकष मलाही ओबडधोबड वाटतात. तरीही जाब कोणाला विचारायचा हे तिथे ठाऊक होते, आणि स्टीमकडून माझी पहिली अपेक्षा तीच आहे.

ज्या घरांत मुले खेळतात त्यांनी सप्टेंबर 2024 पासून सर्वांसाठी खुली झालेली स्टीम फॅमिलीज ही सोय जरूर वापरावी. मुलाला कोणते खेळ दिसावेत, दुकानाचे पान उघडावे की नाही आणि खेळण्याची वेळ किती असावी, हे सारे पालकाला तिथे ठरवता येते. फक्त मुलाचे खाते कुटुंबात ‘मूल’ म्हणून जोडले आहे याची खात्री करून घ्यावी, कारण प्रौढ म्हणून जोडलेल्या खात्यावर यांतले एकही बंधन लागू होत नाही.