न तुटणारी शिअर पिन घेतली आणि विंच गेली

पारोळ्याजवळ, धुळे–जळगाव रस्त्यावर माझी रिकव्हरी गाडी, म्हणजे रुतलेल्या गाड्या ओढून काढणारी गाडी, उभी असते. गाडी जुनी आहे. मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या जोडणीवर, चालणारी वर्मगियरची विंच (ड्रमवर रोप गुंडाळत ओढणारं यंत्र), तिच्यावर 16 मिमीचा वायररोप. चौदा वर्षं याच धंद्यात आहे. तरी एका पिनेच्या पुडीत मी फसलो, आणि भाच्याचा जीव जाता जाता वाचला. विंचवाले, बोअरवाले, क्रेनवाले, रोटाव्हेटर चालवणारे शेतकरी, सगळ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

पीटीओकडून विंचकडे जाणाऱ्या शाफ्टच्या योकमध्ये, म्हणजे जोडाच्या बेचक्यात, एक आडवी पिन असते, तीच शिअर पिन. जोर मर्यादेबाहेर गेला की तिने तुटायचं असतं. शेतातल्या मोटारीच्या फ्यूजचं जे काम, तेच तिचं. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी त्यात जाड तार घालतो आणि मोटार जाळून घेतो, हे आपल्याकडे गावोगाव पाहिलेलं आहे. मी विंचला तेच केलं, फक्त मला ते माहीत नव्हतं. माझ्या हातात जाड तार देऊन तिला फ्यूज म्हटलं गेलं होतं.

त्या पावसाळ्यात माझ्या पिना फार तुटत होत्या. आठवड्याला दोन, कधी तीन. रात्री दोनला चिखलात पडून योकमधले तुकडे ठोकून काढणं काय असतं, ते करणाऱ्यालाच कळतं. ज्या दुकानातून मी नेहमी ऑइल सील, बेअरिंग घ्यायचो तिथे हे बोललो. दुकानदाराने आतून छापील पुडी आणली. पिवळसर चकाकणाऱ्या पिना. "आप्पा, ही कंपनीची ओरिजिनल शिअर पिन. लोकल नाही. एकदा टाका आणि विसरून जा, तुटायचं नाव घेणार नाही." 350 रुपयांना एक. मी 12 घेतल्या, 4200 रुपये. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर फक्त रक्कम लिहून दिली. ओळखीचं दुकान होतं, मी ते खिशात घातलं.

जी तुटणारच नाही ती शिअर पिन कशी, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पण सततच्या त्रासाने माणूस कंटाळलेला असतो, आणि विकणाऱ्याला ते दिसतं.

पंधरा दिवस खरंच एकही पिन तुटली नाही. मग एका रात्री एरंडोलच्या अलीकडे केळीने भरलेला दहाचाकी ट्रक साइडपट्टीवरून काळ्या मातीत उतरला. मागची चाकं एक्सलपर्यंत रुतलेली. माल दिल्लीकडे जाणारा, सकाळपर्यंत निघाला नाही तर वाया, म्हणून केळीवाल्याचे फोनवर फोन. आम्ही रोप लावला, मी पीटीओ टाकला. ट्रक दोन हात वर आला, मग हलेना. विंचचा आवाज जड झाला. एरवी अशा वेळी खट्कन पिन तुटते आणि सगळं थांबतं. तसं काही झालं नाही. इंजिन जोर देत राहिलं, आणि मग हाउसिंगमधून असा आवाज आला की तो अजून कानातून जात नाही. ड्रम मोकळा झाला, दोन हात वर आलेला ट्रक मागे सरकला, रोप चाबकासारखा उसळला. भाचा नेहमीच्या जागेवरून केळीवाल्याशी फोनवर बोलायला पाच पावलं बाजूला गेला होता. हुक त्याच जागेवरून गेला.

त्याने पहिल्यांदा योकवर बॅटरी मारली. "मामा, पिन तुटनीच नही!"

यातली गोम समजून घ्या. वर्म म्हणजे ड्रमचं दातेरी चाक, वर्मव्हील, फिरवणारा स्क्रू. पिन या वर्मच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला असते. ती तुटली तर इंजिनाचा जोर सुटतो, पण बोजा वर्म आणि ब्रेक धरून ठेवतात, गाडी मागे येत नाही. पिन न तुटता वर्मव्हीलचे दात गेले तर मागे बोजा धरायला काहीच उरत नाही. माझ्या ब्राँझच्या वर्मव्हीलचे सात दात साफ गेले होते. नवं व्हील ओतून, दात पाडून घ्यायला 58,000 रुपये आणि तीन आठवडे गेले. ऐन पावसाळ्यातले, म्हणजे आमच्या कमाईचे.

उरलेल्या पिना घेऊन मी आमच्या टर्नरकडे गेलो. त्याने एक व्हाइसमध्ये धरून आरी लावली, ती चालेना, आणि लगेच माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पिवळा थर घासल्यावर ग्राइंडरच्या बारीक रेघा दिसल्या, आणि एका पिनेवर अर्धवट राहिलेला "10" चा आकडा. हे 10.9 ग्रेडचे हायटेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट होते. खुणा घासून, पुन्हा मुलामा चढवून पुडीत भरलेले. खात्रीसाठी जळगावच्या एमआयडीसीतल्या लॅबमध्ये कडकपणा मोजून घेतला, रॉकवेल सी वर 35 आला. साधं माइल्ड स्टील त्या मापावर नीट मोजताही येत नाही, त्याला बी माप लागतं.

फरक किती, ते टर्नरने तिथेच पाटीवर मांडून दाखवलं. बोल्टच्या ग्रेडमधला पहिला आकडा 100 ने गुणला की मेगापास्कलमध्ये ताणशक्ती मिळते: 4.6 ची 400, 8.8 ची 800, 10.9 ची 1000. कापली जाताना साधारण त्याच्या सहा दशांश धरायची. माझी पिन 8 मिमीची, योकमध्ये दोन जागी कापली जाणारी. साध्या 4.6 ची असेल तर शाफ्टच्या कडेवर सुमारे अडीच टन जोराला तुटते. 10.9 ची सहा टनांपर्यंत टिकते. विंच बनवणाऱ्याने वर्मव्हील आणि रोप त्या अडीच टनांच्या हिशेबाने बसवलेले असतात. "जरा जाड घाला" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. 8 ऐवजी 10 मिमी केली तर ताकद दीडपटीहून जास्त वाढते, कारण ती जाडीच्या वर्गाने वाढते.

आता पिन घेताना मी विंचसोबत आलेल्या मूळ पिनेचा तुकडा खिशात ठेवतो. मटेरियल आणि माप विंचच्या पुस्तकात असेल तेच. कुठे माइल्ड स्टील सांगतात, काही विंचना मऊ ॲल्युमिनियमची पिनही लागते, म्हणून शेजाऱ्याचं पाहून घेऊ नये. जिथे कापली जाते तिथे पिन गुळगुळीत हवी, आटे नकोत. मला विकलेल्या पिनेला दोन तृतीयांश आटे होते, हे मी घेताना पाहिलंही होतं. शंका आली तर एक पिन व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. माइल्ड स्टील सहज काटकोनात वाकतं. ही पिन हातोडाच परत फेकत होती. डोक्यावर ग्रेडची खूण नाही आणि मुलामा मात्र नवाकोरा, असं असेल तर ती पुडी तिथेच ठेवा. मी आता टर्नरकडून माइल्ड स्टीलच्या पिना करून घेतो, 40 रुपयांना एक.

आणि पिना मुळात का तुटत होत्या, तेही टर्नरनेच दाखवलं. योकची भोकं झिजून लांबट झाली होती, त्यामुळे पिन कापली जाण्याआधी ठोके खाऊन वाकत होती. भोकांत नवे बुश, म्हणजे धातूच्या नळ्या, बसवल्यावर महिन्याला एखादी तुटते. माझ्याही दोन सवयी वाईट होत्या. मी क्लच झटक्यात सोडायचो. आणि ड्रमवर रोप भरलेला असतानाच ओढायचो. वरच्या थरावरून ओढलं की तेवढ्याच ओढीला शाफ्टवर जास्त पीळ येतो आणि पिन लवकर जाते. आता चार-पाच वेढे राखून बाकी रोप सोडतो, जड गाडी असेल तर पुलीतून दुहेरी करतो, आणि आधी चाकांपुढची माती फावड्याने मोकळी करतो.

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "पिन तुटली का? नाही ना? मग माल खराब कसा?" हे त्याने गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारलं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार एरवी ग्राहक आयोगात चालत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर 2019 च्या कायद्यात सूट आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझी अडचण वेगळीच आहे. माझ्या हातात वहीचं पान आहे, त्यावर दुकानाचं नाव नाही, मालाचं नाव नाही, फक्त 4200.

उरलेल्या पिना आणि ती पुडी मी जपून ठेवली आहे. धुळे-जळगाव पट्ट्यात कुणी अशाच पिवळ्या पिना घेतल्या असतील तर आज गाडी कामावर नेण्याआधी एकीचं डोकं घासून पाहा. आणि पक्कं बिल सापडलं तर ते जपून ठेवा, आपण मिळून तक्रार करू.