डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग: आत आल्यानंतरचा अनुभव

ईएनटीसीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा, डिप्लोमा करून मी डीएसईतून, म्हणजे थेट द्वितीय वर्ष प्रवेशातून, कॉम्प्युटरला आले. तिसरं सेमिस्टर झालं, चौथं संपत आलंय. हा रस्ता चांगला आहे आणि परत वेळ आली तर मी हाच घेईन. पण कट-ऑफ, ऑप्शन फॉर्म, राऊंड यांवर सगळे भरभरून बोलतात आणि आत आल्यावरच्या पहिल्या सेमिस्टरवर जवळजवळ कोणीच नाही. मला जास्त मेहनत तिथेच लागली, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी स्पर्धेचं गणित. डीएसईला सीईटी नाही, मेरिट डिप्लोमाच्या टक्केवारीवर लागतं. पात्रता ओपनला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के, पण चांगल्या कॉलेजसाठी हे आकडे विसरा. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, हिच्या नियमाप्रमाणे मंजूर जागांच्या 10 टक्के जागा लॅटरलवाल्यांसाठी, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी, जादा असतात. 60 ची तुकडी असेल तर 6. त्यात पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा मिळवायच्या. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला कॉम्प्युटरच्या जागा फारशा रिकाम्या राहत नाहीत, म्हणजे हातात येतात त्या थोड्या जागा, त्याही प्रवर्गांत वाटून. तिथे पॉइंटमधल्या फरकावर जागा जाते. मधल्या फळीतल्या कॉलेजांत चित्र वेगळं. तिथे एखाद्या वर्षी पहिल्या वर्षाच्या बऱ्याच जागा मोकळ्या राहिल्या की डीएसईचा कट-ऑफ धाडकन खाली येतो आणि पुढच्या वर्षी जागा भरल्या की तितकाच वर जातो. म्हणून एकाच वर्षाची कट-ऑफची पीडीएफ बघून 'आपलं इथे होणार नाही' असं ठरवू नका. दोन-तीन वर्षांच्या पीडीएफ शेजारी शेजारी ठेवा आणि तुमच्या प्रवर्गाच्या रकान्यातच बघा. तिथे 'जी' म्हणजे जनरल आणि 'एल' म्हणजे लेडीज. मुली बरेचदा फक्त जीओपन बघून मोकळ्या होतात, एलओपन बघतच नाहीत.

ऑप्शन फॉर्ममध्ये आवडीचा क्रम प्रामाणिकपणे लावा, मिळेल-न मिळेल याचा विचार करून वरखाली करू नका. पहिल्या राऊंडला पहिल्याच क्रमांकाचा पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या राऊंडला जाता येत नाही. खालचा लागला तर बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पर्यायासाठी पुढच्या राऊंडला, जाता येतं, पण वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते. त्यामुळे जिथे जायचंच नाही असं कॉलेज वर ठेवून 'नंतर बघू' हा खेळ इथे चालत नाही. कागदपत्रांचं थोडक्यात: नॉन-क्रीमी लेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं हवं, आणि जात पडताळणीला वेळ लागतो, ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातच मार्गी लावा. ई-स्क्रुटिनी, म्हणजे कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी, घेतली असेल तर फॉर्म परत पाठवला गेलाय का हे रोज लॉगिन करून बघा.

आणि हे पैशाचं. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, जागा मिळाली तरच महाडीबीटीवरच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या) फीच्या सवलती लागू होतात, इन्स्टिट्यूट लेव्हल किंवा मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही. 2024 पासून 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तीही कॅपमधूनच. नावाजलेल्या कॉलेजात कोट्यातून आणि साध्या कॉलेजात कॅपमधून असा प्रश्न घरात उभा राहिला तर फीचा हा फरक कागदावर मांडून मगच बोला.

आता आतलं.

डीएसईचे राऊंड संपून आपण वर्गात पोचतो तेव्हा रेग्युलर मुलांचं सेमिस्टर कधीच सुरू झालेलं असतं. मी गेले तेव्हा डेटा स्ट्रक्चर्सची पहिली दोन युनिट संपून लिंक्ड लिस्ट चालू होती. ईएनटीसीला सी लँग्वेज एकदाच शिकलेलो, पॉइंटर वरवर. इथे सर फळ्यावर नोड काढून 'आता हा पॉइंटर इकडे वळवा' म्हणत होते आणि माझ्या बाजूची मुलगी वहीत न बघता लिहीत होती. मी त्या आठवड्यात एकच गोष्ट केली: कागदावर चौकोन आणि बाण काढून प्रत्येक ओळीनंतर बाण कुठे गेला ते हाताने बदलत बसले. इन्सर्ट, डिलीट, रिव्हर्स, तिन्ही. कोड पाठ करण्यापेक्षा यानेच फरक पडला, आणि पुढे ट्रीज आल्या तेव्हाही हीच सवय कामी आली.

खरा खड्डा गणिताचा. डिप्लोमाला गणित पहिल्या वर्षात संपतं. त्यानंतर दोन वर्षं इंटिग्रेशनचं चिन्हही दिसत नाही. रेग्युलर मुलं तोवर बारावीचं गणित, मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर एम-वन, एम-टू करून आलेली असतात. आमच्याकडे एम-थ्री चौथ्या सेमिस्टरला आहे, काही विद्यापीठांत तिसऱ्यालाच येतो, म्हणजे आल्या आल्या. पहिल्याच युनिटला वरच्या ऑर्डरची लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशन्स. डिप्लोमात आपण पहिल्या ऑर्डरवर थांबलेलो असतो. मॅडमनी ऑक्झिलरी इक्वेशन मांडलं, मुळं कॉम्प्लेक्स आली, आणि त्यांनी थेट 'ई रेज टू एएक्स, कंसात सी-वन कॉस बीएक्स अधिक सी-टू साइन बीएक्स' लिहून टाकलं. वर्गात कोणी मान वर केली नाही. आम्ही चौघी डिप्लोमावाल्या एकमेकींकडे बघत होतो.

पण एम-वन आणि एम-टू पूर्ण करायची गरज नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. माझ्या अनुभवात खरंच लागलं ते एवढंच: इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि त्याचा लांबवलेला नियम, ई रेज टू एएक्सबरोबर साइन किंवा कॉस असलेलं इंटिग्रल (फूरिए आणि लाप्लासला सतत लागतं), पार्शल फ्रॅक्शन्स, पार्शल डिफरन्सिएशन (हे नसेल तर व्हेक्टर कॅल्क्युलसचा ग्रेडियंट कळतच नाही) आणि कॉम्प्लेक्स नंबर. कर्व्ह ट्रेसिंग आणि सॉलिड जॉमेट्रीची मला अजून गरज पडलेली नाही. वरचं सगळं रोज तासभर बसलं तर महिन्या-दीड महिन्यात होतं.

एआयसीटीईने वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी ब्रिज कोर्स सांगितलेला आहे. आमच्या कॉलेजात तो शनिवारच्या काही लेक्चरांवर आटोपला, आणि तोही एम-थ्री अर्धा झाल्यावर. याचा मला मनापासून राग आहे. इतक्या मुलांचं पहिलं सेमिस्टर यावर अवलंबून असतं. प्रवेश घेताना सीनिअर डीएसईवाल्यांना हा एक प्रश्न नक्की विचारा: ब्रिज कोर्स कधी होतो आणि कोण घेतं?

पेपर लिहिण्याची पद्धतही बदलते. एमएसबीटीईच्या, म्हणजे डिप्लोमाच्या राज्य मंडळाच्या, पेपरला आपला हात बसलेला असतो: दोन मार्कांचे कोणतेही पाच, चार मार्कांचे कोणतेही तीन, सहाचे कोणतेही दोन. शिवाय मागच्या उन्हाळी-हिवाळी पेपरांची मॉडेल आन्सर्स मंडळाच्या साइटवर असतात, ती वाचली की काय लिहायचं ते नेमकं कळतं. इथे मॉडेल आन्सर नाही. एका युनिटवर मोठा प्रश्न, त्याऐवजी दुसरा, आणि त्यात उदाहरण घेऊन अल्गोरिदम चालवून दाखवायचा. इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, मला मार्क कमी पडले ते इथेच. उत्तर बरोबर होतं, पण दोन मार्कांचं उत्तर सहा मार्कांच्या जागी बसलं होतं.

जमेची बाजूही भरपूर आहे. लॅबमध्ये डिप्लोमावाला लगेच ओळखू येतो. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सला के-मॅप, फ्लिप-फ्लॉप, काउंटर हे आमचं आधीच झालेलं. आयसीची पिन कुठून मोजायची, ब्रेडबोर्डवर सप्लाय कुठे सुटलाय हे रेग्युलर मुलं आम्हाला विचारायला यायची. 8051 या मायक्रोकंट्रोलरची असेंब्ली केलेली असल्याने मायक्रोप्रोसेसरला रजिस्टर आणि इंटरप्ट नवे वाटले नाहीत. डिप्लोमाच्या चौथ्या सेमिस्टरनंतरचं ट्रेनिंग केलेलं असतं, त्यामुळे ओरलला घाबरायला होत नाही. लिंक्ड लिस्ट मला ज्या मुलीने शिकवली तिला मी डिजिटलचं प्रॅक्टिकल शिकवलं, आणि तिथूनच आमचा ग्रुप जमला. नाहीतर रेग्युलर मुलांचे ग्रुप पहिल्या वर्षातच ठरलेले असतात, आणि मिनी प्रोजेक्टच्या वेळी डिप्लोमावाले एका ग्रुपात लोटले जातात. हे होऊ देऊ नका. दोन रेग्युलर, दोन डिप्लोमा असा ग्रुप सगळ्यांच्याच फायद्याचा आहे.

ज्यांना लवकर कमवायचंय त्यांच्यासाठी एक. रेल्वेच्या जेई (ज्युनिअर इंजिनिअर) सारख्या परीक्षांना डिप्लोमा चालतो. तिथेच जायचं नक्की असेल तर डिग्रीची तीन वर्षं घालण्याआधी घरी नीट बोला. पण सॉफ्टवेअरमध्ये किंवा डिझाइनमध्ये जायचं असेल, पुढे एम.टेक.साठी गेट द्यायची असेल, तर डिग्री हवीच. प्लेसमेंटला बहुतेक कंपन्या बारावीच्या जागी डिप्लोमाची टक्केवारी धरतात, आपल्याला वेगळं काढत नाहीत. मात्र आपला सीजीपीए दुसऱ्या वर्षापासून मोजला जातो. पहिल्या वर्षाचे मार्क सांभाळून घ्यायला नसतात, त्यामुळे तिसरं सेमिस्टर घसरलं तर ते लवकर भरून निघत नाही.

डिप्लोमाच्या सहाव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की अलॉटमेंटपर्यंत मोकळे महिने असतात. कोणतं कॉलेज मिळणार हे तेव्हा माहीत नसतं, पण एम-थ्री येणार हे माहीत असतं. वर दिलेले पाच धडे एखाद्या रेग्युलर सीनिअरच्या वहीतून त्याच महिन्यांत काढा. वही मिळवायला आत्तापासून लागा, जूनमध्ये सगळ्यांनाच ती हवी असते.