चिक एम्ब्रियो स्लाइड सेट: अख्खा बॉक्स नको, टीएस तेवढी घ्या

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका दुकानातून कोंबडीच्या भ्रूणाचा हा स्लाइड सेट घेतला, 24, 33, 48 आणि 72 तासांचे व्होल माउंट (अख्खा भ्रूण स्लाइडवर) आणि 72 तासांची एक टीएस (आडवा काप). बॉक्सवर ‘पचनसंस्थेचा विकास’ असं ठळक छापलंय, त्याला भुलू नका.

व्होल माउंट प्रॅक्टिकलपुरते एकदम मस्त. 33 तासांच्या स्लाइडमध्ये हार्ट उजवीकडे बाहेर आलेलं स्पष्ट दिसतं, सोमाइट्स (पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे) मोजता येतात, स्टेनिंग बरोबर. पण आतड्याचं काय? डोक्याखाली फोरगटची (आतड्याच्या पुढच्या भागाची) एक फिकट पट्टी, बस्स. 48 च्या स्लाइडला कव्हरस्लिपखाली बुडबुडा आहे तोही नेमका तिथेच, आणि दुकानदार म्हणतो चालतं हो मॅडम.

खरी गंमत टीएसमध्ये. 40एक्स लावा, आत एंडोडर्मची, म्हणजे अस्तराची पातळ रेघ आणि तिला लपेटून स्प्लँक्निक मेसोडर्म, म्हणजे बाहेरचा थर, आणि जठर कुठे, आतडं कुठे हे बरंचसं या दोघांच्या बोलण्यातून ठरतं. अस्तरातून सॉनिक हेजहॉग हा संदेश देणारा प्रोटीन सुटतो, बाहेरच्या थरात बीएमपी-4 हा दुसरा संदेश चालू होतो, मग बाहेरचा थर अस्तराला सांगतो तू काय व्हायचंस. सहा दिवसांच्या आसपासच्या गिझर्डचं (दळणाऱ्या स्नायूदार जठराचं) अस्तर काढून त्याला प्रोव्हेंट्रिक्युलसचं (पाचकरस देणाऱ्या जठराचं) मेसेनकाइम, म्हणजे तिथला बाहेरचा थर लावला की त्यात चक्क ग्रंथी येतात, पेप्सिनोजेनसुद्धा (पेप्सिन या पाचक एन्झाइमचं आधीचं रूप) बनतं! छोट्या आतड्याचं अस्तर मात्र हट्टी, तेच मेसेनकाइम लावा, पेप्सिनोजेन काही देत नाही. आणि गिझर्डच्या बाहेरच्या थरात बॅपएक्स-1 हा जीन बीएमपी-4 ला दाबून ठेवतो, त्याचे स्नायू एवढे जाडजूड होण्यात याचा मोठा हात आहे (कलेजी-पेटा खाताना दात दुखले की आता याला शिव्या घालते).

पण ग्रंथी, जाडजूड स्नायू यातलं काहीच 72 तासांत झालेलं नसतं, मधलं आतडं तर तेव्हा बलकावर उघडंच असतं. पचनसंस्था म्हणून विकायचं तर निदान सहाव्या दिवसाची प्रोव्हेंट्रिक्युलस आणि गिझर्डची सेक्शन द्यायला हवी होती, जमलं तर आणखी नंतरच्या दिवसांच्या छोट्या आतड्याचीही, कारण आठव्या दिवसाच्या सुमारास गोल स्नायूंचा थर आला की अस्तराला उभ्या घड्या पडायला लागतात, पुढे आणखी थर आले की त्या झिगझॅग होतात आणि त्यातूनच व्हिलाय (अन्न शोषणारे बारीक उंचवटे). ते बघायला मिळालं असतं तर दुप्पट पैसे दिले असते.

टीएस सुटी मिळते, फक्त काउंटरवर मागावी लागते, आणि घ्यायच्या आधी उजेडात धरून बुडबुडे बघा. टीएसला पाचपैकी साडेचार, बॉक्सला अडीच.