व्हर्च्युअलबॉक्स आणि डेबियन १२: आमच्या ग्रंथालयाचा सर्व्हर आधी माझ्या लॅपटॉपमध्ये चालला

सगळ्यात आधी हे सांगते. हा सर्व्हर मी चार महिन्यांत सहा वेळा मोडला आणि एकदाही ग्रंथालयाचं काम थांबलं नाही. पाचपैकी साडेचार गुण देते ते याच कारणासाठी.

मी नागपुरात एका सार्वजनिक ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. पुस्तकं साडेचौदा हजार, बहुतेक मराठी. दाखल नोंदवही हातानं लिहिलेली, देवघेव रजिस्टरवर. गेल्या उन्हाळ्यात कार्यकारी मंडळानं संगणकीकरणाचा विषय घेतला आणि एका कंपनीचं कोटेशन आलं. सॉफ्टवेअर फुकटचंच होतं, कोहा, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं. पण ते बसवून द्यायचे आणि दरवर्षी सांभाळायचे मिळून जे पैसे लिहिले होते, तेवढ्यात आमची वर्षाची पुस्तकखरेदी होते. मी बैठकीत म्हटलं, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या, मी करून बघते. अध्यक्ष साहेब म्हणाले, "करा, पण काउंटरच्या कम्प्युटरला हात लावू नका." म्हणून व्हर्च्युअलबॉक्स.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हर्च्युअलबॉक्स हा विंडोजवर चालणारा साधा प्रोग्राम आहे. त्याच्या खिडकीत दुसरा, पूर्ण वेगळा कम्प्युटर चालतो. त्याला आपण रॅम वाटून देतो, डिस्क म्हणून एक मोठी फाइल देतो. आतलं बिघडलं तर आतच बिघडतं. मी त्यात डेबियन बसवलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक मुक्त प्रणाली. मूळ पॅकेज मुक्त परवान्याचं आहे, एक पैसा लागत नाही. सोबत जे एक्सटेन्शन पॅक मिळतं त्याचा परवाना वेगळा आहे. ते वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे, संस्थेच्या कामाला नाही. मला त्याची गरज पडली नाही, तुम्हालाही पडणार नाही. कोणी म्हटलं म्हणून सोबत डाऊनलोड करू नका.

माझा लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅमचा. पहिल्याच दिवशी मशीन सुरूच होईना. लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद होती, ती चालू केल्यावर काम झालं. आतल्या मशीनला दोन जीबी रॅम दिली तेव्हा कोहा रांगत होता, तीन दिली तेव्हा बरा चालला. डिस्क तीस जीबी, 'डायनॅमिक'. म्हणजे आकडा तीसचा दिसतो, पण फाइल जेवढं भरेल तेवढीच वाढते. डेबियन बसल्यावर ती दोनेक जीबीची होती.

एक खूण मात्र नक्की करा. नवीन मशीन बनवताना आयएसओ फाइल (डेबियन बसवायची डिस्क, फाइलच्या रूपात) दिली की व्हर्च्युअलबॉक्स सातवी आवृत्ती आपणहून सगळं बसवायला निघते आणि 'व्हीबॉक्सयूजर' नावाचा वापरकर्ता तयार करते. तिथे 'स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' असा चौकोन आहे. त्यावर टिक करा. आपल्याला शिकायचं आहे, तर प्रत्येक प्रश्न आपल्यासमोर आलाच पाहिजे.

डेबियन १२ घेतलं कारण कोहाची मंडळी डेबियनच आधी धरून चालतात. ते जून २०२३ मध्ये आलं आणि त्याचं नाव बुकवर्म, म्हणजे ग्रंथकीटक. ग्रंथपालाच्या टेबलावर याहून योग्य नाव कुठलं असणार! नेटवरून बसवायची छोटी आयएसओ सातशे एमबीच्या आतली आहे.

इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. ग्राफिकल इन्स्टॉलर निवडला तर प्रश्न मराठीत येतात. मी ते पाहिलं तेव्हा मन भरून आलं. ज्यांनी पदरमोड करून, वेळ काढून हे भाषांतर केलं त्यांना माझा नमस्कार. पण सर्व्हरसाठी मी शेवटी इंग्रजीच ठेवलं, आणि तुम्हालाही तेच सुचवीन. बसवून झाल्यावर जो काळा पडदा येतो त्याला देवनागरी जोडाक्षरं मांडता येत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. भाषा इंग्रजी ठेवल्यानं कोहातल्या मराठीला काही होत नाही, कारण कोहा ब्राउजरमध्ये दिसतो.

मग डिस्कचा प्रश्न येतो. 'सगळी डिस्क वापरा', आणि पुढे, यावरचं सगळं पुसलं जाईल, हो की नाही? माझं बोट एंटरवर थांबलं. लॅपटॉपवर मुलीच्या दहावीचे फोटो, वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रं. आमचे शिपाईभाऊ चहा घेऊन आले होते, तेही वाकून बघून राहिले होते. म्हणाले, "मॅडम, सारंच पुसीन म्हणते ते. साहेब मले विचारतीन ना मंग." डिस्कचा आकार वाचला: बत्तीस पॉइंट दोन जीबी. मी दिलेले तीसच ते, इन्स्टॉलर हजारानं मोजतो म्हणून आकडा थोडा मोठा दिसतो. माझ्या लॅपटॉपची खरी डिस्क पाचशेची. म्हणजे हा बोलतोय तो त्या फाइलबद्दलच. आतल्या मशीनला बाहेरची डिस्क दिसतच नाही. हो म्हटलं. हा आकडा तुम्हीही वाचा, भीती जाते.

रूट पासवर्डच्या ठिकाणी पहिल्या वेळी मी पासवर्ड दिला. मग सुडो (मुख्य अधिकारानं आदेश चालवायचा शब्द) लिहिलं की 'असा आदेश नाही' म्हणे. ती जागा रिकामी सोडली तर डेबियन आपल्या वापरकर्त्यालाच सुडोचे अधिकार देतं. दुसऱ्या वेळी तसंच केलं. सॉफ्टवेअर निवडीत डेस्कटॉपवरची टिक काढली, एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कम्प्युटरवरून आदेश देण्यासाठी) आणि नेहमीची साधनं ठेवली. शेवटी ग्रबसाठी, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी, डिस्क यादीतून निवडली. ती निवडली नाही तर मशीन उठत नाही, हेही एकदा झालं.

नेटवर्कवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. सुरुवातीला 'नॅट' असतं. आतल्या मशीनला १०.०.२.१५ असा पत्ता मिळतो, त्याला इंटरनेट दिसतं, पण बाहेरून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं, म्हणजे लॅपटॉपचं एक क्रमांकाचं दार आतल्या मशीनच्या दाराला जोडायचं: लॅपटॉपचं २२२२ आतल्या २२ ला, ८०८० आतल्या ८०८० ला. घरी एवढं पुरलं. काउंटरवरच्या कम्प्युटरवरून बघायचं होतं तेव्हा 'ब्रिज्ड' केलं, म्हणजे आतलं मशीन राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतं. वायफायवर ते रुसलं, केबल लावल्यावर लगेच चाललं. आणि कर्मचाऱ्यांचं पान उघडत नव्हतं ते वेगळ्याच कारणानं. कोहाची पानं ब्राउजरला देणारा प्रोग्राम म्हणजे अपाचे. त्याच्या पोर्टच्या फाइलमध्ये ८०८० ची ओळ आपल्याला लिहावी लागते. दोन संध्याकाळी यात गेल्या.

या सगळ्यात मला ज्यानं धीर दिला तो स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. प्रत्येक मोठ्या पायरीआधी एक घ्यायचा, नाव मराठीत द्यायचं: 'कोहाच्या आधी', 'नोंदी टाकल्यावर'. बिघडलं की दोन क्लिकमध्ये मागे. ते सहा वेळा मोडणं यामुळेच परवडलं. एप्रिलमध्ये आमच्या भागात दुपारी वीज जाते, कूलर बंद, लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची. तेव्हा घाईनं मशीनची अवस्था 'सेव्ह' करून झाकण लावता येतं, परत आल्यावर कर्सर जिथे होता तिथेच लुकलुकतो. पण स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच लॅपटॉपवर असतो. मी दर शनिवारी पूर्ण मशीनची एक ओव्हीए फाइल काढून पेनड्राइव्हवर घेत असे. फाइल चार जीबीच्या वर गेली तेव्हा पेनड्राइव्ह घेईना. त्याची मांडणी फॅट३२ होती, तिच्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घेतल्यावर प्रश्न मिटला.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. मी आणि माझ्या सहकारी बाई, आम्ही दोघींनी बाराशे पुस्तकांच्या नोंदी नमुन्यादाखल टाकल्या. मराठी शीर्षकं शोधली तर निम्मी सापडेनात. कोहाचा शोध झेब्रा नावाच्या भागावर चालतो आणि त्याची मूळ मांडणी रोमन लिपी धरून आहे. मराठीसाठी ती आयसीयूवर, म्हणजे सगळ्या लिपी समजणाऱ्या मांडणीवर, न्यावी लागते. सेटिंगच्या एका फाइलमधल्या काही ओळी बदलायच्या आणि अनुक्रमणिका नव्यानं बांधायची. कोटेशनमध्ये याचा उल्लेखही नव्हता. ज्या कोणत्या मराठी ग्रंथालयात कोहा बसतो तिथे हे झालंच पाहिजे, माझं कळकळीचं सांगणं आहे.

तरी एक शब्द अडला. वऱ्हाड. मी शोधलं तर नऊ पुस्तकं. सहकारी बाईंनी त्यांच्या टेबलावरून तोच शब्द शोधला तर चौदा, आणि एकही पुस्तक दोन्हीकडे नाही. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसत होते. मी अक्षरं सुटी करून पाहिली. मी साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं टंकत होते. त्या त्यासाठी युनिकोडमध्ये असलेला वेगळा ऱ वापरत होत्या. कागदावर एक, कम्प्युटरला दोन. विदर्भातल्या ग्रंथालयात हा शब्द किती पुस्तकांवर असतो ते सांगायला नको. शिवाय तऱ्हा, कऱ्हाड, गुऱ्हाळ.

खऱ्या सर्व्हरवर बाराशे नोंदी एकगठ्ठा बदलायची माझी हिंमत झाली नसती. इथे स्नॅपशॉट घेतला, 'ऱ दुरुस्तीआधी'. बदल चालवला, पहिल्यांदा चुकला, मागे आले, परत चालवला. शोधाचा शब्द कसाही टंकला तरी दोन्ही रूपं एकच धरायची, असा नियमही आयसीयूच्या मांडणीत घातला. अनुक्रमणिका बांधायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला.

अर्धा गुण कापला तो व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्कच्या पानासाठी. नॅट, ब्रिज्ड, होस्ट-ओन्ली असे पर्याय ओळीनं आहेत, पण कोणता कधी वापरायचा ते नवख्याला तिथे कळत नाही. उजवी कंट्रोल दाबल्याशिवाय माउस खिडकीतून सुटत नाही, हेही पहिल्या दिवशी कोणी सांगायला हवं होतं.

दिवाळीनंतर ग्रंथालयातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर थेट डेबियन बसवलं आणि माझ्या लॅपटॉपमधला कोहा कोहा-डम्प या त्याच्याच आदेशानं काढून तिथे उतरवला. त्या दिवशी एक जुने वाचक आजोबा वऱ्हाडी म्हणींचं काही आहे का म्हणून आले. काउंटरवर सहकारी बाई होत्या. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं वऱ्हाड टंकलं, मी बाजूच्या टेबलावर माझ्या पद्धतीनं. दोघींच्या पडद्यावर तेवीस पुस्तकं आली.