सेटलोकेल सोडून बेबेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

पायथॉनमधलं बिलिंग, आकडे मराठीत, आणि एकच कोड विंडोजवर व डेबियन, अल्पाइन या दोन लिनक्सवर चालवायचा, एवढ्यासाठी बेबेल ही पायथॉन लायब्ररी. आकड्यांपुरतं म्हणाल तर सेटलोकेलकडे, म्हणजे लोकेल (भाषा-प्रदेशानुसार आकडे-तारखा लिहायची पद्धत) ठरवणाऱ्या पायथॉनच्या स्वतःच्या फंक्शनकडे, परत जायची इच्छा नाही.

सेटलोकेल ऑपरेटिंग सिस्टमच्या जिवावर चालतं. डेबियनच्या स्लिम (छोट्या केलेल्या) डॉकर इमेजमध्ये मराठी लोकेल नसतंच, म्हणून ‘अनसपोर्टेड लोकेल सेटिंग’ येतं. उपाय सोपा: ‘लोकेल्स’ पॅकेज टाका, लोकेल.जेन फाइलमधली मराठीची ओळ अनकमेंट करा, लोकेल-जेन चालवा. गोम त्या ओळीतच आहे. इंग्रजीची ओळ ‘ईएन_यूएस.यूटीएफ-८ यूटीएफ-८’ अशी, मराठीची नुसती ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’, मधे टिंब नाही. इंग्रजीची ओळ अनकमेंट करणारी सेड (मजकूर बदलणारी) कमांड फक्त भाषा बदलून डकवली की काहीच जुळत नाही, सेड मात्र एरर न देता पुढे जातं. बिल्ड पास, प्रोग्रॅम चालताना कोसळतो. म्हणून बिल्डमध्येच ‘लोकेल -ए’चं आउटपुट तपासा.

निदान तिथे एरर तरी येते. अल्पाइनचं मसल (तिथली सी लायब्ररी) कुठल्याही नावाला हो म्हणतं आणि आकडे सी-लोकेलसारखेच (कुठलीच भाषा न निवडल्यासारखे) छापतं, स्वल्पविरामांशिवाय. हे जास्त घातक. त्यात सेटलोकेल अख्ख्या प्रोसेसला लागू होतं, त्यामुळे थ्रेड्स असलेल्या सर्व्हरवर त्याला हात न लावलेलाच बरा.

बेबेल सीएलडीआरचा (युनिकोडच्या भाषावार माहितीसंग्रहाचा) डेटा सोबतच आणतं (पॅकेज साधारण १० एमबी), म्हणून तिन्हीकडे उत्तर सारखंच: 1,23,45,678. देवनागरी अंक मात्र आपोआप येत नाहीत. आवृत्ती २.१४ पासून फॉरमॅट_डेसिमलला नंबरिंग_सिस्टम=‘देवा’ देता येतं, पण त्याने स्वल्पविरामासारखी चिन्हंच ठरतात, अंक बदलत नाहीत. तारखांचंही तसंच. आकड्यातले अंक असोत की ‘15 ऑगस्ट’मधला 15, पायथॉन स्ट्रिंगच्या ट्रान्सलेटने स्वतःच बदलायचे.

लोकेल दरवेळी स्पष्ट द्या. नाही दिलं तर बेबेल एनव्हायरनमेंट व्हेरिएबल्स बघतं, म्हणजे पुन्हा मशीनगणिक वेगळं उत्तर. ब्राउझरकडून ‘एमआर-आयएन’ असं हायफनवालं नाव येतं. ते तसंच दिलं की व्हॅल्यूएरर. लोकेल.पार्सला विभाजक म्हणून हायफन सांगा.

नावांची मराठी क्रमवारी बेबेल लावत नाही. त्यासाठी पायआयसीयू (युनिकोडची आयसीयू लायब्ररी पायथॉनमधून वापरू देणारं पॅकेज) लागतं, आणि लिनक्सवर ते पिपने टाकताना कंपायलर, पीकेजी-कॉन्फिग आणि आयसीयूच्या हेडर फाइल्स आधी हव्यात.